धारूरच्या सीताफळात किडा नाही

माणसं मुलीसाठी स्थळ बघत गावोगाव हिंडतात. मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कोकणातून उठून थेट बीड जिल्ह्यात गेले ती एका किड्याच्या मादीसाठी नर शोधायला. मादीची लांबी अडीच मिलिमीटर, रंग विटकरी, पाठीवर दोन पिवळट ठिपके. पंखांवरची कवचं इतकी आखूड की पोटाचं टोक मागून उघडंच राहतं. वाढत्या बाळाला गेल्या वर्षीचं झबलं घातलं की दिसतं, तसं.

ही मला आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सापडली. गणिताचे देशमाने सर मूळचे धारूरचे. एका दसऱ्यानंतर ते गावाकडून पेटीभर सीताफळं घेऊन आले. बाकीचे प्राध्यापक गर चोखून बिया वर्तमानपत्रावर टाकत होते आणि मी त्या वर्तमानपत्रावरून चालत निघालेल्या ठिपक्याकडे बघत होते. वीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं की माणसाचं असं होतं. ठिपका बाटलीत गेला, बाटली दूरच्या एका तज्ज्ञांकडे गेली आणि बऱ्याच महिन्यांनी त्यांचं आंतर्देशीय पत्र आलं. जात नवीन असावी, पण ही मादी आहे. या कुळात नर तपासल्याशिवाय काही ठरत नाही. नर मिळवा, तो नेमका कुठे मिळाला ते लिहा, तोवर कुठे बोलू नका.

न बोलणं हा माझा प्रांत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की वीस वर्षं मी दुसऱ्यांनी नावं दिलेले प्राणी फळ्यावर काढत आले होते. एका तरी जिवाचं बारसं आपल्या हातून व्हावं ही हौस मी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. शास्त्रात पुष्कळदा गावाच्या नावाला लॅटिन शेपूट जोडून जातीचं नाव करतात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं मी नाव ठरवूनही टाकलं होतं: धारूरेन्सिस. आंघोळ करताना मी ते दोनतीनदा मोठ्यांदा म्हणूनही पाहिलं होतं. छान वाटत होतं.

नेकनूर, सोमवार

बीडहून धारूरकडे निघालेल्या एस.टी.चा टायर नेकनूरला पंक्चर झाला. कंडक्टरनं "अर्धा घंटा" असं जाहीर केलं आणि स्वतः निवांत चहाला बसला, त्यावरून अर्ध्या तासाचा अंदाज आला. मीही बसले. हॉटेलात एका कोपऱ्यात परदेशी कोल्ड्रिंकच्या नव्याकोऱ्या बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. त्यांना कुणी हात लावत नव्हतं. सगळे आपले बशीतून चहा पीत होते.

आमच्या कोकणात निघालेल्या माणसाला "कुठे?" म्हणून विचारत नाहीत, अपशकुन मानतात. नेकनूरला असली काही भानगड नाही. शेजारच्या बाकावरच्या धोतरवाल्या आजोबांनी मी बसायच्या आत विचारलं, "कुठं निघालात बाई?"

"धारूरला."

"कावून?"

आता इतक्या सरळ प्रश्नाला काय आडवळण घ्यायचं? मी म्हटलं, "सीताफळातला किडा बघायला."

हॉटेलातल्या सगळ्या बशा खाली आल्या. मग एक जाडजूड मिशीवाला गृहस्थ पुढे सरकला. "सरकारी हाय का तुमी, का कंपनीच्या?"

"कॉलेजची आहे."

"म्हंजे सरकारीच," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन धारूरकडे जाणाऱ्या जीपला लटकला. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी गरम भजी मागवली. सोबत तळलेल्या मिरच्या आल्या, त्यातली एक मी कोकणी भाबडेपणानं अख्खी तोंडात टाकली. पुढचा पाव तास मी कुणाशीच काही बोलले नाही, ही त्या दिवसातली माझी सर्वांत शहाणपणाची वेळ. एवढ्या वेळात ती जीप माझ्याआधी धारूरला पोचली असणार.

धारूर, मंगळवार आणि बुधवार

धारूर बालाघाटाच्या डोंगरकडेला बसलेलं आहे. वर जुना किल्ला, खाली बाजार आणि मधल्या उतारांवर जिथे तिथे सीताफळीची झाडं. कुणी लावलेली, पुष्कळशी आपली आपण आलेली. आमच्याकडे डोंगर म्हटला की हिरवा आणि ओला. इथला डोंगर कोरडा, उघडा आणि रोखठोक. त्याच्यात लपवण्यासारखं काही दिसत नाही. ही माझी समजूत तीन दिवस टिकली.

देशमाने सरांनी फळांचे व्यापारी रशीदभाई यांच्या नावे चिठ्ठी दिली होती. रशीदभाई पन्नाशीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलणं अतिशय अदबीचं. चिठ्ठी त्यांनी वाचली, पुन्हा वाचली, मग उलटून मागची कोरी बाजूही बघून घेतली.

"या, या मॅडम. घर तुमचंच हाय. तकलीफ काय होऊ देणार न्हाई."

आणि खरंच, आदरातिथ्यात कसूर नव्हती. सकाळी घरातून खिचडी आणि चिंचेचा खट्टा येई. मी भातखाऊ प्रांतातली, त्यामुळे तिथेच विरघळले. दुपारी शेजारच्या घरातून ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी. आमच्याकडे पाहुण्याला "अजून वाढू का?" असं विचारतात आणि पाहुणा "नको" म्हणाला की भांडं उचलतात. इथे विचारतच नाहीत.

आणि सीताफळं! फडक्यानं पुसलेली, एकावर एक रचलेली, प्रत्येक फळ नवरदेवासारखं सजलेलं. मी फोडायचे, गर बघायचे, बी बघायचे, देठाची खाच भिंगातून बघायचे. किडा नाही. फळ टाकायचं कसं, म्हणून खायचे. दोन दिवसांत चौदा खाल्ली.

"रशीदभाई, मला नासकं फळ हवंय."

"नासकं?" त्यांनी दोन्ही कानांना हात लावला. "तौबा! आमच्याकडं नासत न्हाई मॅडम."

"एखादं तरी? पिकून फुटलेलं?"

"फुटतच न्हाई."

ज्या गोदामात फळं गवतात घालून पिकवतात तिथे मला नेलं. जमीन लख्ख झाडलेली, कोपऱ्यात कडुलिंबाच्या पाल्याची धुरी. मी बाजारात गेले, तर पाट्या घेऊन बसलेल्या बायका मला बघून फळांवर फडकी ओढायच्या. एकीला विचारलं, "मावशी, किडकं आहे का हो एखादं?" ती म्हणाली, "तुमच्या तोंडात साखर पडो, असं वंगाळ कावून बोलता?" आणि तोंड फिरवलं.

बुधवारी संध्याकाळी मी किल्ल्याच्या दरवाजापाशी बसून चिडचिड करत होते. राग किड्यावर होता, गावावर होता आणि सर्वांत जास्त माझ्यावर होता. रविवारी परत निघायचं होतं. नर मिळाला नाही तर पुढची सुट्टी पुढच्या वर्षी. आणि तोवर दुसऱ्या कुणाला तो मिळाला, तर माझं बारसं राहिलंच.

डोंगर, गुरुवार

रशीदभाई सकाळीच एस.टी.डी. बूथवर गेले होते. कुठल्याशा आइस्क्रीमच्या कंपनीचे साहेब शुक्रवारी यायचे होते, गर विकत घेण्याचं बोलणं करायला. "आता खुला बाजार हाय मॅडम," असं ते मला दोनदा सांगून चुकले होते. कंपनी हा शब्द उच्चारताना ते आवाज थोडा खाली आणत. तर ते बूथवर असताना मी गयाबाईंबरोबर डोंगरावर गेले.

गयाबाई साठीच्या पुढच्या. लहानपणापासून या उतारावरची सीताफळं तोडत आलेल्या. रशीदभाईंचा निम्मा माल त्यांच्या हातचा. कासोटा घट्ट, पायात चपला नाहीत आणि चाल अशी की मी मागे धापा टाकत होते. त्यांनी मला फळ कधी तोडायचं ते शिकवलं. "खवल्याच्या मधी बघा. डोळा पांढरा झाला की तोडायचं. मिटल्याला डोळा तोडला की फळ दगडावानी ऱ्हातंय."

मी पाचसहा फळं तोडली. त्यांतली चार त्यांनी मुकाट्यानं बाजूला काढली. शेवटी मी विचारलं, "गयाबाई, तुमच्या गावात फळ नासतच नाही का हो?"

त्या पाटी खाली ठेवून हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "न नासायला ते काय देव हाय का? नासतंय की. लई नासतंय."

"मग गेली कुठे ती?"

"पुरली. तुमी येणार म्हून. सोमवारी त्यो मिशीवाला बोंबलत आला, किडा तपासायची बाई येऊ लागली म्हून. कंपनीनं आधी गुपचूप माणूस धाडलं, असं वाटलं रशीदभाईला. चार पाट्या नासकी फळं पुरली आमी. माझी कंबर अजून दुखती."

"कुठे पुरली?"

"गोदामाच्या मागं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन दिवस मी ज्या गोदामात उभी राहून चिडत होते, त्याच्या भिंतीमागे माझा नर पुरलेला होता.

आम्ही दोघी घाईनं उतरलो. गयाबाईंनी खुरपं घेतलं आणि चार बोटं माती बाजूला केली. आंबूस, गोड, नाकात चढणारा वास आला, आणि त्या लगद्यात विटकरी ठिपके वळवळायला लागले. पाचपन्नास नव्हे, शेकड्यांनी. मी रबरी नळीची बाटली काढली. नळी तोंडात धरून हवा ओढली की किडा बाटलीत येतो.

"तोंडानं ओढता?" गयाबाई म्हणाल्या. "पोटात गेला म्हंजे?"

"मध्ये जाळी आहे."

"तरी बी," म्हणून त्या दोन पावलं मागे सरकल्या.

नराची खूण बारीक असते. त्याच्या पोटाच्या टोकाला एक इवलंसं जादा वळं असतं. पहिले सहा किडे माद्या निघाल्या. सातवा भिंगाखाली धरला, टोकाला वळं दिसलं, आणि मी ओरडले.

"साप हाय का?" गयाबाईंनी खुरपं उगारलं.

"नर! गयाबाई, नर!"

मी त्यांना मिठी मारली. नासक्या सीताफळानं माखलेल्या हातांनी. त्याच वेळी गोदामाच्या कोपऱ्यावरून रशीदभाई आले आणि उघडा खड्डा, बाटली आणि आम्हा दोघींना बघून जागच्या जागी थांबले. त्यांचा चेहरा उतरला.

"आता कंपनीला कळवणार तुमी," ते म्हणाले.

मी कंपनीची नाही, सरकारचीही नाही, हे पटवायला बराच वेळ लागला. पटल्यावर त्यांना आधी हसू आलं, मग त्यांनी चहा मागवला, आणि मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "मंग ह्या किड्याचं करणार काय?"

"त्याला नाव देणार. शास्त्रज्ञांच्या मासिकात छापणार. आणि नाव..." मी सुट्टी लागलेल्या मुलासारखी खुशीत होते, म्हणून बोलून गेले, "नाव धारूरचंच ठेवणार!"

मला वाटलं होतं, ते आनंदतील. त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हंजे दुनियेत छापून येणार. धारूर म्हटलं की किडा." मग म्हणाले, "मॅडम, नांदूरघाटचं नाव ठेवा की. तिकडं कुठं असलं सीताफळ हाय? कुणाची इज्जत जाणार न्हाई."

मला हसू आलं, पण पुरतं आलं नाही. कारण मला माझे मोठे दीर आठवले. त्यांची हापूसची कलमं आहेत. पिकल्या हापूसचा गर आतून बिघडतो तो साका; गिऱ्हाइकानं तो शब्द नुसता उच्चारला तरी त्यांना घाम फुटतो. उद्या कुणी शास्त्रज्ञ आला आणि आंब्याच्या रोगाला आमच्या वाडीचं नाव दिलं, तर दीर त्याला विहिरीत ढकलतील आणि मी दोरी कापीन. ही गोष्ट मला सोमवारीच कळायला हवी होती.

"जागा खोटी लिहिता येणार नाही," मी सांगितलं. "एवढं एक खोटं चालत नाही. पण ते ठिकाण लेखाच्या पोटात असतं, चार माणसं वाचतात. नाव मात्र कायमचं राहतं."

"मंग नाव तेवढं नको. ह्या हरामखोर किड्यापायी..."

"शिव्या कावून देता त्याला?" गयाबाई एकदम कडाडल्या. "उन्हाळ्यात फुलात कोण बसतं? ह्योच. पाकळ्याच्या आत घुसतो, दिसभर निघत न्हाई. ज्या फुलात ह्यो बसत न्हाई ते फूल गळून पडतं. खालच्या पट्टीला कपाशीवर फवारा मारतेत, तिथल्या झाडाला बघितलं का? फूल लई, फळ न्हाई. हे न्हाईत ना तिथं!"

काही फुलांचे पराग असले किडे नेतात हे मी वाचलं होतं, वर्गात सांगितलंही होतं. पण माझ्या बाटलीतल्या ठिपक्याशी त्याची गाठ मी घातली नव्हती. ती या बाईंनी वर्षानुवर्षं उन्हाळ्यात झाडाखाली उभं राहून घातली होती, कुणी न विचारता.

"ते तुमचं खरं असल मावशी," रशीदभाई म्हणाले. "पर साहेबाला फूल दिसणार न्हाई. किडाच दिसंल."

मी त्यांना शब्द दिला: नाव धारूरचं नाही. देणं जड गेलं, ते कबूल करते. वर्षभर जपलेलं नाव होतं.

शुक्रवार

साहेब जीपमधून आले. तरुण, टाय लावलेले, बरोबर पांढऱ्या बशा आणि चमचे. त्यांनी पाचसहा फळं फोडली, गर चाखला, वहीत खुणा केल्या. रशीदभाई श्वास रोखून उभे होते. सगळं गोडीत चाललं होतं, आणि सातव्या फळाच्या देठातून एक विटकरी ठिपका निघाला आणि पांढऱ्या बशीच्या मधोमध चालू लागला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

रशीदभाईंनी गयाबाईंकडे पाहिलं. गयाबाई दारात पदर खोचून उभ्या होत्या. तीन दिवस "न्हाई" म्हणणारा तो माणूस घसा खाकरून म्हणाला, "किडा हाय साहेब. फुटलेल्या फळात येतो. पर उन्हाळ्यात ह्योच फुलात जातो म्हून फळ धरतं. खोटं वाटत असल तर मॅडमना इचारा, त्या शिकलेल्या हायत."

इथे मी दोन वाक्यांत आटोपायला हवं होतं. पण मला कुणी शिकवायला सांगितलं की मी थांबत नाही. मी साहेबांना कवचं सांगितली, कूळ सांगितलं, पराग सांगितले, आणि ऐन रंगात आले तेव्हा पिशवीतून बाटली काढून त्यांच्या नाकासमोर धरली. आत चाळीस किडे. "बघा!" मी म्हटलं.

साहेबांनी चमचा बशीत ठेवला. वही मिटली. "कळवतो," म्हणाले.

जीप गेली. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. रशीदभाईच शेवटी म्हणाले, "मॅडम, जेवून घ्या." जेवताना त्यांनी नेहमीसारखंच न विचारता वाढलं.

परत आल्यावर

नर तपासून झाला. जात नवीच ठरली. तज्ज्ञांनी अभिनंदनाचं पत्र पाठवलं आणि मी लेख टाइप केला. चित्रं काढली, मापं लिहिली, ठिकाण धारूर लिहिलं, गोळा करणारी म्हणून गयाबाईंचं नाव आधी आणि माझं नंतर. जातीचं नाव मात्र दिलेल्या शब्दाला जागून ठेवलं: "दोन ठिपकेवाला" अशा अर्थाचं एक मिळमिळीत लॅटिन नाव. असले दोन ठिपकेवाले जगात शेकडो असतील. पाकिटाला तिकिटं लावली.

त्याच दुपारी पोस्टकार्ड आलं. रशीदभाई उर्दू शाळेत शिकलेले; मराठी अक्षर वेडंवाकडं, पण स्वतःच्या हातचं.

"मॅडमना सलाम. कंपनीचं न्हाई म्हून पत्र आलं. तुमी फिकीर करू नका, तुमच्यामुळं झालं असं मनात आणू नका. माल पयल्यासारखा बाजारात जातो, लोक खातात. एक इचारायचं होतं. किड्याचं नाव ठेवलं का? ठेवलं नसल तर धारूरचंच ठेवा. आता लपवायचं कुणापासून? गयाबाई रोज भांडती. म्हणती, गावानं जल्मभर त्याच्या जिवावर खाल्लं, आन नाव द्यायची येळ आली तर तोंड लपवलं."

कार्ड मी दारातच उभी राहून तीनदा वाचलं. डोळे भरून आले, ते पुसले. मग तिकिटं लावलेलं पाकीट फाडलं, यंत्रात नवा कागद चढवला आणि किड्याला त्याच्या गावाचं नाव दिलं.